असेच व्हायचे!

गेल्या पावसाळ्यात आमच्या सूनबाईला सातवा महिना लागला आणि सदाशिव पेठेतल्या आमच्या इमारतीत शेजारधर्माला पूर आला. तळमजल्यावरून डिंकाचे लाडू, दुसऱ्या मजल्यावरून काढा आणि समोरच्या काकूंकडून सल्ला. तो मात्र त्रिकाळ!

त्याच सुमारास चिरंजीवांनी एका रात्री 'रोझमेरीज बेबी' हा जुना इंग्रजी चित्रपट लावला. आयरा लेव्हिनच्या कादंबरीवरून रोमान पोलान्स्कीने तो १९६८ साली काढला. न्यूयॉर्कच्या जुन्या इमारतीत एक जोडपे बिऱ्हाड करते. शेजारची म्हातारी मोठी प्रेमळ. गर्भार रोझमेरीला रोज पेला भरून कसलेसे पेय आणून देते. पोरगी वेदनांनी तळमळते, वाळत जाते. पण डॉक्टर म्हणतात, थांबेल दोन दिवसांत. नवराही त्यांचाच. शेवटी सैतान निघतो, पण मला धास्ती वाटली ती त्या पेल्याची. म्हातारी झालेल्या रूथ गॉर्डनला ऑस्कर मिळाले, ते उगीच नव्हे.

"आपल्याकडे नाही बुवा असले काही," मी म्हणालो.

"बाबा, 'लपाछपी' पाहिला नाहीत वाटतं?" सूनबाई म्हणाली.

मग तोही पाहिला. विशाल फुरियांचा हा मराठी चित्रपट २०१७ साली आला. उसाच्या रानातले घर, दिवस गेलेली पूजा सावंत आणि तिची काळजी वाहणारी उषा नाईक. इथे सैतान परका नाही. मुलगी नको म्हणणारी घरचीच माणसे आहेत. गर्भलिंग तपासणीला आळा घालणारा कायदा देशात प्रथम महाराष्ट्राने केला, १९८८ साली. तो का करावा लागला, हे हा चित्रपट पाहून उमगते.

चार दिवसांनी सूनबाई म्हणाली, "डोकं फार दुखतंय. पायही सुजलेत."

"पहिलटकरणीला असेच व्हायचे," काकू म्हणाल्या. सौभाग्यवतींनी मान डोलावली. मीही वर्तमानपत्रातून डोके वर न काढता म्हणालो, "असेच व्हायचे!"

ती काही बोलली नाही. पर्स घेतली, रिक्षा केली आणि एकटी दवाखान्यात गेली. रक्तदाब इतका चढला होता की डॉक्टरांनी घरी पाठवलेच नाही. "आणखी एक दिवस उशीर झाला असता तर..." एवढेच ते मला म्हणाले.

नात महिनाभर आधी आली. आता बाळसे धरते आहे. काकूंचे लाडू अजून येतात. त्यांच्या मनात पाप नव्हते. माझ्याही नव्हते. पण चित्रपटातल्या डॉक्टरचे वाक्य त्या दिवशी आमच्या दिवाणखान्यात मीच म्हटले होते, हे काही केल्या विसरता येत नाही.