लसावि देण्याआधी

दिवाळी सरली की जव्हार-मोखाड्यातली कितीतरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर कामाला जातात आणि मुलेही त्यांच्यासोबत जातात. आठवीच्या पुस्तकातले ‘एकचल समीकरणे’ हे प्रकरण नेमके दुसऱ्या सत्रात येते. मूल परतते तेव्हा फळ्यावर छेद असलेली समीकरणे असतात. वेळ कमी, म्हणून आपण नियमच हातात देतो: लसावीने गुणा. मूल गुणतेही, पण जिथे छेद दिसतो तिथेच.

एक उदाहरण पाहू. घरात आलेल्या नागलीपैकी अर्धी कणगीत भरली, एकूण नागलीचा तिसरा हिस्सा उधारीत गेला आणि 4 पायली बियाण्याला उरली. क्ष/2 + क्ष/3 + 4 = क्ष. 6 ने गुणताना 4 तसाच राहतो, 3क्ष + 2क्ष + 4 = 6क्ष होते आणि उत्तर येते 4. मग सगळीच नागली बियाण्याला गेली, कणगीत काय भरले? एवढे विचारले की चूक मुलांनाच सापडते.

अशा गणितांसाठी भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त (1150) इष्टकर्माची रीत दिली आहे. सोयीची संख्या धरायची आणि मग प्रमाण लावायचे. 6 पायली धरू. अर्धी 3, तिसरा हिस्सा 2, उरली 1. प्रत्यक्षात 4 उरली. म्हणजे एकूण नागली सहाची चौपट, 24 पायली. आता विचारा: 6 च का धरली? 2 आणि 3 या दोघांनीही तिला भाग जातो म्हणून. लसावि मुलांच्या हाती आला तो इथे. मग प्रत्येक पद 6 ने गुणू: 3क्ष + 2क्ष + 24 = 6क्ष. उत्तर तेच, 24.

इष्टकर्म सगळीकडे पुरत नाही. (क्ष + 1)/2 − (क्ष − 2)/3 = 2 इथे समीकरणच सोडवावे लागते. छेद जाताना अंशाचा कंस राहिलाच पाहिजे: 3(क्ष + 1) − 2(क्ष − 2) = 12, म्हणून क्ष = 5. कंसाबाहेरचे वजा चिन्ह दुसऱ्या पदाला लावायचे राहिले, तर 13 येतात. ताळा करा: 5 घातल्यास 3 − 1 = 2; 13 घातल्यास डावी बाजू 10/3.

शिक्षकमित्रांनो, उशिरा परतलेल्या मुलाला पहिल्या तासाला इष्टकर्म द्या, दुसऱ्या तासाला लसावि, आणि प्रत्येक उत्तराला ताळा. अपूर्णांक पक्के होईपर्यंत त्याला समीकरणांपासून दूर ठेवू नका. समीकरणे सोडवतानाच त्याचे अपूर्णांक पक्के होतील.