मित्रदेश, शत्रूदेश आणि आपला कांदा

शिक्षक मित्रांनो आणि पालकांनो, एक प्रश्न विचारते. "हा देश आपला मित्र, तो आपला शत्रू" हे तुमच्या मुलाला कुणी शिकवलं? शाळेने तर नाही. परराष्ट्र धोरण राज्यशास्त्रात नीट येतं ते नववीत. पण पाचवीतलं मूल घरातल्या मोबाईलवर रोज युद्धाच्या बातम्या बघतं, आणि नववीत पोहोचेपर्यंत त्याच्या डोक्यात जगाच्या दोन याद्या पक्क्या झालेल्या असतात. माझं मत स्पष्ट आहे. या दोन याद्यांमुळे मुलांना जग कळत नाही, आणि ते काम नववीवर ढकलून चालणार नाही.

देश म्हणजे गल्लीतले दोस्त नव्हेत. प्रत्येक देश आधी स्वतःचं भलं बघतो, त्याला राष्ट्रीय हित म्हणतात. आपले निर्णय आपणच घेण्याचा त्याचा जो अधिकार, ते सार्वभौमत्व. पण व्याख्या फळ्यावर लिहून पाठ करून घेऊ नका, परीक्षा झाली की मुलं विसरतात. त्यापेक्षा कांद्यापासून सुरू करा.

२०१९ च्या सप्टेंबरमध्ये देशात कांदा महागला. शहरातलं गिऱ्हाईक ओरडू लागलं, तेव्हा २९ सप्टेंबरला केंद्र सरकारने कांद्याची निर्यात बंद केली. बांगलादेश हा आपल्या कांद्याचा मोठा खरेदीदार, आणि त्या वेळी अगदी जवळचा मित्र. तिथे भाव इतके भडकले की पुढे त्यांना विमानाने कांदा आणावा लागला. त्यांच्या पंतप्रधान शेख हसीना ऑक्टोबरमध्ये दिल्लीत आल्या होत्या. आधी कळवलं असतं तर बरं झालं असतं, मी तर स्वयंपाक्याला कांदा घालू नको म्हणून सांगितलंय, असं त्या भर कार्यक्रमात हसत हसत म्हणाल्या. हसून सांगितलेली ती तक्रारच होती.

आता मुलांना विचारा, यात भारताचं हित कोणतं? शहरातल्या ग्राहकाला स्वस्त कांदा हवा होता. लासलगावला ट्रॅक्टर घेऊन गेलेल्या शेतकऱ्याला भाव हवा होता. शेजारी नाराज होऊ नये, हेही हितच. तिन्ही हितं भारताचीच, पण एका वेळी तिन्ही साधत नाहीत. आमच्याकडे निम्म्या मुलांच्या घरी कांद्याची चाळ आहे, त्यामुळे 'राष्ट्रीय हित' या शब्दावर वर्गात जी वादावादी होते ती कुठल्याही व्याख्येने होणार नाही. निर्यातबंदी पुढे २०२० मध्ये आणि डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा झाली, म्हणजे मोठ्या मुलांनाही ती आठवते.

मित्राचा कांदा थांबला. आता दुसऱ्या यादीतला देश घ्या.

फाळणीची रेघ पंजाबात अशी पडली की कालव्यांची काही मुख्य बंधारे-दारं भारतात आणि त्या पाण्यावर भिजणारी शेतं पाकिस्तानात. १ एप्रिल १९४८ ला आपल्या बाजूच्या पंजाबने पाणी थांबवलंही होतं. मग महिन्याभरात तात्पुरता करार झाला, आणि जागतिक बँकेच्या मध्यस्थीने वर्षानुवर्षं बोलणी होऊन १९ सप्टेंबर १९६० ला कराचीत पंडित नेहरू आणि अयूब खान यांनी सिंधू पाणी करारावर सह्या केल्या. रावी, बियास, सतलज भारताला. सिंधू, झेलम, चिनाब यांचं बहुतेक पाणी पाकिस्तानला. त्यानंतर १९६५, १९७१ आणि कारगिल झालं, तरी करार टिकला. भलेपणा म्हणून नव्हे, दोघांचीही त्यात सोय होती म्हणून.

एप्रिल २०२५ मध्ये पहलगामला दहशतवाद्यांनी २६ जणांना मारलं आणि दुसऱ्याच दिवशी भारताने हा करार स्थगित केला. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा पाचवीतल्या एका मुलीने विचारलं, "मॅडम, आपण पाणी बंद केलं ना, मग तिकडची मुलं काय पितात?" काही मुलं हसली. मला तो प्रश्न त्या वर्षातला सगळ्यात चांगला वाटला. नदी म्हणजे नळ नव्हे की तोटी फिरवली आणि पाणी बंद. पश्चिमेकडच्या त्या तीन नद्यांचं पाणी अडवून धरण्याएवढी मोठी धरणं आपल्याकडे नाहीत, त्यामुळे पाणी वाहतंच आहे. स्थगितीचा अर्थ दबाव असा आहे. दबाव आणि युद्ध यांच्यात बऱ्याच पायऱ्या असतात, हे मुलांना कळायला हवं. मोबाईलवर ते कुणी सांगत नाही.

वरच्या अंगाला कोण आणि खालच्या अंगाला कोण, हे आपल्या मुलांना वेगळं शिकवावं लागत नाही. नाशिक-नगरच्या धरणांतून जायकवाडीला पाणी सोडायचं की नाही, हा वाद त्यांनी घरी ऐकलेला असतो. तेच मोठ्या नकाशावर न्या, भू-राजकारण सुरू झालं! देश जिथे बसलाय त्या जागेवरून त्याची ताकदही ठरते आणि अडचणही. सिंधूच्या खोऱ्यात पाकिस्तानच्या वर आपण आहोत. ब्रह्मपुत्रेवर मात्र आपल्या वर चीन आहे. तिबेटात त्याने जुलै २०२५ मध्ये त्याच नदीवर प्रचंड मोठ्या धरणाचं काम सुरू केलं, आणि चीनशी आपला पाणीवाटपाचा करारच नाही. म्हणजे एका नदीवर आपण जो युक्तिवाद करू, तोच दुसऱ्या नदीवर आपल्याला ऐकवला जाऊ शकतो.

काही सहकारी म्हणतात, अशाने देशप्रेम पातळ होईल. मला नाही पटत. सरकारचा निर्णय बरोबर की चूक हे मी वर्गात सांगत नाही, ते माझं कामही नाही. पण सीमेवर जवान का उभा आहे, हे नुसत्या घोषणेपेक्षा नकाशा बघून जास्त समजतं. आणि "तिकडची मुलं" हे दोन शब्द ज्या मुलीला सुचले, तिचं देशप्रेम मला काही कमी वाटलं नाही.

पालकांनो, बातमी लागली की "बघ, कशी जिरवली" म्हणण्याआधी मुलाला एवढंच विचारा, की यात कुणाला काय हवंय? शिक्षकांनो, भिंतीवरचा आशियाचा नकाशा खाली उतरवून जमिनीवर पसरा, मुलांना भोवती बसवा आणि सिंधू उगमापासून समुद्रापर्यंत बोटाने गिरवायला लावा. उगम तिबेटात सापडला की मुलं आपणहून बोलू लागतात. एका तासिकेत एवढंच होतं. ब्रह्मपुत्रेसाठी दुसरी तासिका ठेवा.