दोन सेकंदांचा दंड

व्यापाऱ्याच्या हिशेबात शून्य पूर्णांक दहाला कोणी विचारत नाही. दहा पैसे वटावात सोडून दिले जातात. पण २७ जुलै २०२१ रोजी टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये जेसिका फॉक्स या ऑस्ट्रेलियन युवतीचे रौप्यपदक एका सेकंदाच्या दहाव्या भागाने हुकले आणि सुवर्णपदक त्याहून विचित्र रीतीने गेले. तिची नाव अंतिम फेरीत १०२.७३ सेकंदांत खाली पोहोचली होती. पहिल्या आलेल्या जर्मनीच्या रिकार्डा फुंकला १०५.५० सेकंद लागले आणि दुसऱ्या आलेल्या स्पेनच्या मायालेन चोर्राउतला १०६.६३. म्हणजे पाण्यावर जेसिका सर्वांत वेगवान ठरली होती. मात्र वाटेत दोन वेळा तिचा स्पर्श टांगलेल्या खांबांना झाला. प्रत्येक स्पर्शाचे दोन सेकंद, एकूण चार सेकंद तिच्या नावे पडले, बेरीज १०६.७३ झाली आणि ती तिसरी आली. स्पर्श एकच झाला असता तर १०४.७३ वर खाते बंद होऊन सुवर्ण तिचेच होते.

या खेळाला कनू स्लॅलम म्हणतात. वसई-विरारच्या घरांत क्रिकेटखेरीज बुद्धिबळ व बॅडमिंटन चांगले परिचयाचे आहेत. हे नाव मात्र बहुतेकांच्या कानांवरून गेलेले नसेल. खेळाची मांडणी सोपी आहे. खळाळत्या पाण्याचा दोनशे ते चारशे मीटरांचा उतार असतो. त्यावर आडव्या तारा ताणून त्यांना दोन-दोन खांबांची अठरा ते पंचवीस दारे टांगलेली असतात. हिरवी दारे प्रवाहाबरोबर ओलांडायची आणि तांबडी दारे प्रवाहाच्या विरुद्ध, खालून वर. खांबाला नाव, वल्हे किंवा अंग लागले तर दोन सेकंद दंड, दार चुकले तर पन्नास. पन्नास सेकंदांचा दंड म्हणजे दिवाळेच; त्यातून त्या दिवशी कोणी वर येत नाही. कयाक प्रकारात बसून दोन्ही टोकांना पाते असलेले वल्हे चालवतात, तर कनू प्रकारात गुडघ्यांवर बसून एकाच पात्याचे.

ज्या रचनेवर शर्यत व्हायची तिच्यावर सराव करण्याची मुभा कोणालाही नसते, ही या खेळातील सर्वांत कठोर अट. दारे लावून झाल्यावर स्पर्धेबाहेरचे खेळाडू एकदा नाव नेऊन दाखवतात. स्पर्धक काठावरून पाहतात, डोळे मिटून हात हलवत प्रत्येक वळण मनात घोळवतात आणि मग थेट पाण्यात उतरतात. पाणीही क्षणोक्षणी बदलते. खडकामागे प्रवाह उलटा फिरून जो थोडा शांत कोपरा तयार होतो, तोच तांबड्या दारापाशी खेळाडूला आधार देतो. तो कोपरा हातभर चुकला की नाव वाहून जाते. बळाने पाण्याशी झुंजणारा येथे थकतो. पाण्याचाच जोर उसना घेऊन वळणाऱ्याची नाव पुढे जाते.

टोकियोतील त्या हुकलेल्या पदकानंतर दोनच दिवसांनी, २९ जुलैला, महिलांची कनू प्रकारातील अंतिम फेरी होती. हा प्रकार ऑलिंपिकमध्ये प्रथमच आला होता. जेसिकाने १०५.०४ सेकंदांत ती जिंकली. दुसऱ्या आलेल्या ब्रिटनच्या मॅलरी फ्रँकलिनला १०८.६८ सेकंद लागले होते. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये तिने कयाक आणि कनू ही दोन्ही सुवर्णपदके घेतली. लंडनला २०१२ मध्ये रौप्य, रिओला २०१६ मध्ये कांस्य, टोकियोला कयाकमध्ये पुन्हा कांस्य, आणि मग पॅरिसला सुवर्ण. कयाकचे हे एक सुवर्ण मिळायला बारा वर्षे लागली.

या घराची गोष्ट पिढीजात पेढीसारखी आहे. वडील रिचर्ड फॉक्स ब्रिटनचे, कयाकमध्ये पाच वेळा जगज्जेते. पण १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये ते चौथे आले आणि पदकाची जागा रिकामीच राहिली. आई मिरियम फ्रान्सची, १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमधील कांस्यपदकाची मानकरी. कुटुंब ऑस्ट्रेलियात स्थायिक झाले आणि दोन्ही मुली याच पाण्यात उतरल्या. धाकटी नोएमी बराच काळ बहिणीच्या सावलीत होती. पॅरिसला कयाक क्रॉस हा नवा प्रकार आला. त्यात चौघे एकाच वेळी उंचावरून पाण्यात झेपावतात आणि एकमेकांना धक्के देत खाली येतात. जेसिका त्यात सुरुवातीच्याच फेऱ्यांत बाद झाली. नोएमीने मात्र सुवर्ण जिंकले, आणि निकाल दिसताच थोरली बहीण काठावरून पाण्यात उडी मारून तिच्या नावेपाशी पोहोचली. दोन भावंडे एकाच धंद्यात असली की काय होते हे व्यापारी घरांना वेगळे सांगायला नको. म्हणून त्या उडीचे मोल त्यांना अधिक कळेल.

ऑलिंपिक चार वर्षांतून एकदा येते. खेळाडूचे वर्ष खऱ्या अर्थाने जाते ते विश्वचषक मालिकेत. या मालिकेत पाच शर्यतींचे गुण एकत्र मोजतात. २०२५ मध्ये स्पेनमधील ला सेउ द'उर्जेल, फ्रान्समधील पो, चेक राजधानी प्राग, स्लोव्हेनियातील तात्सेन आणि जर्मनीतील ऑग्सबुर्ग अशी ही वारी होती. जागतिक अजिंक्यपद स्पर्धा वेगळी. ती ऑस्ट्रेलियात पेनरिथला झाली. एका रविवारी उत्तम विक्री झाली म्हणून वर्ष चांगले गेले असे होत नाही, तसेच येथेही आहे. प्रत्येक ठिकाणचे पाणी वेगळे, गारवा वेगळा, आणि नाव दर वेळी विमानातून किंवा गाडीच्या टपावरून न्यायची. साडेतीन मीटर लांबीची नाव ही काही हातातली पिशवी नव्हे.

या ठिकाणांतही पाहण्यासारखे पुष्कळ आहे. ऑग्सबुर्गचा मार्ग १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकसाठी बांधला गेला आणि त्याच वर्षी हा खेळ ऑलिंपिकमध्ये प्रथम आला. नंतर तो वगळला गेला व थेट १९९२ मध्ये परतला. त्या परतीसाठी ला सेउ द'उर्जेलला जो मार्ग बांधला, तेथे पाणी वर चढवणारे पंपच उलटे चालवून वीजही निर्माण करतात. भांडवल पडून राहू नये, हा विचार तेथील नगरपालिकेलाही सुचला म्हणायचे.

भारतात या खेळाचे मोठे ठिकाण नर्मदेवर आहे. सिद्धवरकूट आणि बावनगजाच्या यात्रेला जाणारी कुटुंबे वाटेत महेश्वरला थांबतात, अहिल्याबाई होळकरांचा घाट पाहतात, साड्या घेतात आणि पुढे निघतात. त्या घाटापासून थोड्याच अंतरावर सहस्रधारा आहे. काळ्या खडकांवरून नर्मदा असंख्य प्रवाहांनी फुटून वाहते. २०२३ च्या फेब्रुवारीत खेलो इंडिया युवा स्पर्धांतील कनू स्लॅलमच्या शर्यती येथेच झाल्या. या स्पर्धांत हा खेळ तेव्हा पहिल्यांदा घेतला गेला. केरळमध्ये कोझिकोडच्या डोंगरांत मलबार रिव्हर फेस्टिव्हल भर पावसात भरतो आणि परदेशी कयाकपटू तेथे येतात.

महाराष्ट्रात अशा पाण्याच्या सर्वांत जवळ जाणारी जागा म्हणजे रायगड जिल्ह्यातील कोलाड. वसईहून घोडबंदर, पनवेल, पेण या मार्गाने तेथे जाता येते. तेथे रबरी तराफ्यांतून होणारी सफर पुष्कळांनी केली असेल, पण ते पाणी कोठून येते हे सहसा कोणी विचारत नाही. कुंडलिका उन्हाळ्यात वाहती राहते ती मुळशी धरणामुळे. मुळा नदीचे पाणी मूळचे पूर्वेकडे जाणारे, भीमा-कृष्णेतून बंगालच्या उपसागराला मिळणारे. टाटांनी मुळशीला धरण बांधून ते पश्चिमेकडे वळवले, सह्याद्रीच्या कड्यावरून भिरा येथील वीजघरात उतरवले आणि १९२७ पासून त्या विजेवर मुंबईचे कारखाने चालू लागले. वीज करून झालेले पाणी कुंडलिकेत सोडले जाते आणि रावळजेच्या खाली त्याचाच खळाळ होतो. या पाण्याची किंमत मुळशीच्या मावळ्यांनी चुकवली. १९२१ च्या रामनवमीला सुरू झालेला आणि सेनापती बापटांच्या नेतृत्वाने गाजलेला मुळशी सत्याग्रह अखेर हरला आणि पन्नासच्या आसपास गावांच्या जमिनी गेल्या. तराफ्यातून ओरडत जाणाऱ्या मुलांना काठावर परतल्यावर एवढे सांगायला हरकत नसावी.

आता वसई-विरार. येथे पाण्याची कमतरता नाही, पण या खेळाचे पाणी नाही. वैतरणा अर्नाळ्याच्या उत्तरेला समुद्राला मिळते तेव्हा ती भरती-ओहोटीची संथ खाडी झालेली असते. वसईची खाडीही तशीच. उतार आहे तो तुंगारेश्वरच्या डोंगरात, आणि चिंचोटीचा धबधबा त्याच डोंगरातला. तेथे दर पावसाळ्यात मुले बुडतात. जिल्हा प्रशासन मनाईचे आदेश काढते, पोलीस वाटेवर उभे राहतात, तरी आडवाटेने मुले जातात. २०१८ च्या जुलैत चिंचोटीला अचानक पाणी वाढून शंभराहून अधिक लोक अडकले आणि त्यांना बाहेर काढावे लागले. त्यानंतर काही दिवसांतच नालासोपारा-वसईत रेल्वेमार्ग पाण्याखाली गेला, मिठागरांत माणसे अडकली आणि बाजारपेठेतील कित्येक दुकानांत माल भिजला. दुकानाचा विमा होता की नव्हता, याची चर्चा त्या वर्षी दिवाळीपर्यंत चालली. मुलाला पोहता येते की नाही, याची चर्चा किती घरांत झाली?

चिंचोटीला जाणारी मुले पाण्याला भीत नाहीत, आणि नेमका तोच धोका आहे. फॉक्स भगिनी लहानपणापासून पाण्यात वाढल्या. तरी त्या शर्यतीत तरंगते जाकीट आणि शिरस्त्राण घातल्याशिवाय उतरू शकत नाहीत. तसा नियमच आहे. जगज्जेतीला लागू असलेला नियम कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या मुलाला कमीपणाचा वाटतो. खडकाखाली पाय अडकला तर पोहण्याचे कौशल्य उपयोगी पडत नाही. धबधब्याच्या पायथ्याशी पाणी माणसाला पुन्हा पुन्हा आत ओढते. या दोन गोष्टी कयाक शिकवणारे पहिल्याच दिवशी सांगतात. चिंचोटीच्या वाटेवर त्या सांगणारे कोणी नसते.

चातुर्मासात घरी अडकलेल्या मुलांना पाण्याची ओढ लागते, ती अडवून थांबत नाही. आधी तरणतलावात नीट पोहणे शिकवावे, आणि मग एखाद्या रविवारी पहाटेच कोलाडला जावे. तराफे चालवणाऱ्यांकडून जाकिटाचे पट्टे कसून घ्यावेत, पुराच्या दिवशी ते नाही म्हणाले तर वाद घालू नये. पाणी सोडण्याची वेळ सकाळची असते; तेव्हाच नदी खेळण्याजोगी होते. उन्हाळ्यात तर दुपार कलली की पाणी ओसरते आणि सकाळी ज्यांच्यावरून तराफे धावले ते खडक उघडे पडून उन्हात वाळत बसतात.