वेतनाचे उत्तरदायित्व

न्यूझीलंडच्या शिक्षण खात्याने ऑगस्ट २०१२ मध्ये शाळांच्या वेतनवाटपाचे काम ‘नोव्होपे’ या प्रणालीद्वारे टॅलेंटटू या ऑस्ट्रेलियन कंपनीच्या हवाली केले, आणि लगोलग कुणाला पगार कमी, कुणाला अधिक, तर कुणाला मुळीच नाही, असा जो गोंधळ माजला, त्याचा भार त्यात यत्किंचितही दोष नसलेल्या शिक्षकांना व शाळांच्या कारकुनांना वाहावा लागला. २०१३ च्या चौकशीने कंपनीबरोबर खात्यावरही ठपका ठेवला, आणि २०१४ मध्ये सरकारने हे काम स्वतःच्या मालकीच्या कंपनीकडे आणले.

हा निर्णय योग्यच होता. कारण हिशेबाचे काम मक्त्याने देता येते, वेतन देण्याचे कर्तव्य देता येत नाही. आपल्याकडील १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यानेही, मक्तेदाराने मजुरी थकविल्यास ती मूळ मालकाने द्यावी व मागाहून मक्तेदाराकडून वसूल करावी, हेच तत्त्व स्वीकारले होते. म्हणून अशा प्रसंगी मालकाने थकलेली रक्कम प्रथम तसलमात म्हणून तत्काळ अदा करावी, तक्रारींची दाद घेणारा जबाबदार अधिकारी नेमावा, आणि मक्तेदाराशी असलेला तंटा नंतर खुशाल चालवावा. त्याच्या निकालापर्यंत श्रमिकाने उपाशी राहावे, हे कोणत्याही न्यायबुद्धीला मान्य होण्याजोगे नाही.