अरब चषक : एका भाषेचे मैदान

अठरा डिसेंबर ही तारीख दोन कारणांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे. १९७३ साली याच दिवशी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने अरबीला आपल्या अधिकृत भाषांत स्थान दिले. म्हणून हा दिवस जागतिक अरबी भाषा दिन म्हणून पाळला जातो. कतारचा राष्ट्रीय दिनही नेमका हाच. २०२१ आणि २०२५ या दोन्ही वर्षी अरब चषक फुटबॉल स्पर्धेचा अंतिम सामना याच तारखेला कतारमध्ये खेळला गेला. तारीख ठरवणाऱ्यांच्या मनात भाषा नसावी, राज्यच असावे. परंतु भाषेचा दिवस आणि राज्याचा दिवस एकाच चौकटीत यावेत, आणि त्या चौकटीत बावीस माणसे एका चेंडूमागे धावत असावीत, हा योगायोग आम्हांला अर्थपूर्ण वाटतो. साहित्याच्या पानांवर फुटबॉल कशासाठी, असे विचारणाऱ्यांना आमचे एवढेच उत्तर आहे.

ही स्पर्धा मुळात भाषेच्या पायावर उभी आहे. विश्वचषकात जग खेळते. आशिया, युरोप, आफ्रिका यांच्या स्पर्धांत खंड खेळतात. अरब चषकात मात्र मॉरिटेनियापासून ओमानपर्यंतचे देश खेळतात ते 'आम्ही अरब' या एका विधानाच्या आधारावर. ते विधान खरे किती आणि कल्पित किती, हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकाला परका नाही. 'मराठी साहित्य' असे म्हणताना आपणही नेमके असेच एक विधान करीत असतो.

प्रथम या स्पर्धेचा इतिहास एखाद्या संहितेसारखा वाचून पाहावा. पहिली स्पर्धा १९६३ साली बैरूतमध्ये झाली. ट्युनिशिया, सीरिया, लेबनॉन, कुवेत आणि जॉर्डन असे पाचच संघ होते आणि ट्युनिशिया जिंकला. मग १९६४ साली कुवेत, १९६६ साली बगदाद. दोन्ही वेळा विजेता इराक. त्यानंतर एकदम १९८५! मधल्या एकोणीस वर्षांची जागा कोरी आहे. त्या कोऱ्या जागेत १९६७चे युद्ध आहे, १९७३चे युद्ध आहे, १९७५पासून पेटलेले लेबनॉनचे यादवी युद्ध आहे. १९८५ आणि १९८८ साली पुन्हा इराकच जिंकला, तोही इराणशी युद्ध सुरू असताना. आणि १९९० साली इराकने कुवेतवर आक्रमण केल्यावर चार वेळचा हा विजेता १९९२, १९९८ आणि २००२ या तिन्ही स्पर्धांत दिसत नाही; तो परततो थेट २०१२ साली. कवितेत ओळींमधल्या रिकाम्या जागा वाचाव्या लागतात, असे आपण वर्गात शिकवतो. अरब चषकाच्या विजेत्यांच्या यादीपेक्षा तिच्यातील रिकाम्या जागा अधिक बोलतात.

याचा अर्थ जे घडले ते उज्ज्वल होते, असे मात्र नव्हे. इराकच्या विजयांची गोष्ट सांगताना हेही सांगितले पाहिजे, की सद्दाम हुसेन यांचा पुत्र उदय याच्या हाती तिथल्या फुटबॉलची सूत्रे होती आणि हरल्याबद्दल झालेल्या छळाच्या साक्षी अनेक खेळाडूंनी पुढे दिल्या आहेत. 'अरब ऐक्य' या शब्दाखाली काय काय झाकले गेले, त्याचे हे एक उदाहरण.

आता भाषेकडे वळू. अरबी ही एक भाषा आहे काय? लेखनाची, वृत्तपत्राची, व्यासपीठाची अरबी, म्हणजे 'फुस्हा', सर्वत्र बहुतांशी एकच आहे. घरात आणि बाजारात बोलली जाणारी मात्र देशागणिक निराळी. मोरोक्कोची 'दारिजा' बगदादच्या माणसाला सहज कळत नाही. या दोहोंचा झगडा अरबी साहित्यात शतकभर चालला आहे. नगीब महफूझ यांनी कैरोच्या गल्लीतील पात्रांच्या तोंडीसुद्धा फुस्हाच घातली. उलट अल्जीरियाचे कातेब यासिन आधी फ्रेंचमध्ये लिहीत होते, ते पुढे नाटकासाठी लोकांच्या बोलीकडे वळले. प्रमाणभाषा आणि बोली यांचा वाद ज्यांनी मराठीत अनुभवला आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

फुटबॉलच्या धावत्या वर्णनात हा झगडा काही काळ मिटतो. समालोचक फुस्हाच्या भारदस्त वाक्याने सुरुवात करतो, चेंडू गोलजवळ आला की त्याची बोली उसळून वर येते, आणि गोल झाला की तो पुन्हा अभिजात अलंकारांकडे धाव घेतो. ज्या भाषेविषयी 'ही कोणाचीच मातृभाषा नाही' अशी तक्रार केली जाते, ती त्या नव्वद मिनिटांत लक्षावधी लोकांच्या कानांत जिवंत असते. प्रमाणभाषा टिकते ती व्याकरणाच्या पुस्तकांमुळे नव्हे, तर एकत्र उत्कट होण्याची गरज लोकांना वाटते म्हणून, असे आम्हांला वाटते.

अर्थात, या भाषिक छपराखाली सगळेच अरबीभाषक नाहीत. सोमालिया आणि कोमोरोस हे अरब लीगचे सदस्य. परंतु तिथल्या लोकांच्या घरातल्या भाषा वेगळ्या आहेत. मोरोक्कोने २०११ साली आणि अल्जीरियाने २०१६ साली अमाझिग भाषेला राज्यघटनेत अधिकृत स्थान दिले. २०२२च्या विश्वचषकात मोरोक्को उपान्त्य फेरीत पोहोचला, तेव्हा हा विजय अरबांचा की आफ्रिकेचा की अमाझिगांचा, यावर वाद झालाच. तो वाद होणे योग्यच होते. एका भाषेच्या नावाने उभारलेल्या घरात दुसऱ्या भाषा कोठे झोपतात, हे विचारल्यावाचून कोणत्याही भाषिक अस्मितेचे गोडवे गाऊ नयेत.

मग ही स्पर्धा देते तरी काय? ऐक्य खचितच नव्हे. ऑगस्ट २०२१ मध्ये अल्जीरियाने मोरोक्कोशी राजनैतिक संबंध तोडले. दोहोंमधली जमिनीवरील सीमा तर १९९४पासूनच बंद आहे. त्याच वर्षीच्या डिसेंबरात उपान्त्यपूर्व फेरीत हे दोन देश समोरासमोर आले. सामना २-२ असा बरोबरीत सुटला आणि पेनल्टींवर अल्जीरिया जिंकला. सीमा उघडली नाही, राजदूत परतले नाहीत. पण ज्यांच्यात बोलणेच बंद होते त्यांच्यात दोन तासांचा एक संवाद झाला, नियमांनी बांधलेला आणि शेवट असलेला. समान भाषा माणसांना एक करते, हा भाबडा समज आहे. समान भाषा त्यांना भांडण्यासाठी जागा देते. परंपरा म्हणजे तरी दुसरे काय असते?

२०२५च्या स्पर्धेत ही जागा सर्वांत अधिक कोणाला हवी होती, ते पहिल्याच दिवशी दिसले. लिबियाला पात्रता सामन्यात पेनल्टींवर हरवून आलेल्या पॅलेस्टाईनने यजमान कतारला १-० असे हरवले, ट्युनिशियाशी २-२ अशी बरोबरी केली आणि सीरियाशी गोलशून्य. त्या शेवटच्या बरोबरीने दोघेही बाद फेरीत गेले. यजमान आणि १९६३चा पहिला विजेता, दोघेही घरी. पुढे सौदी अरेबियाने पॅलेस्टाईनला जादा वेळेत २-१ असे हरवले. गाझा उद्ध्वस्त झालेले असताना या विजयाने काय साधले, असा प्रश्न कोणी विचारील. महमूद दरवीश यांनी १९८२च्या वेढ्यातील बैरूतवर जे गद्य लिहिले, त्यात बॉम्बवर्षावाखालच्या माणसांचे फुटबॉलवरील प्रेम आले आहे. वेढ्यातल्या माणसाला केवळ भाकरीच हवी असते असे मानणे, हाही त्याचा एक अपमानच असतो. राष्ट्रगीत वाजताना रांगेत उभे राहता येणे, हरल्यावर 'आम्ही हरलो' असे म्हणता येणे, हा सामान्यपणाचा हक्क आहे.

येथे एक कडवट गोष्ट नोंदवली पाहिजे. कैरो लिहिते, बैरूत छापते आणि बगदाद वाचते, अशी एक अरबी म्हण प्रसिद्ध आहे. अरब चषकही एके काळी याच नकाशावर फिरत होता : बैरूत, बगदाद, अम्मान, आणि १९९२ साली अलेप्पो. आज तो दोहाला स्थिरावला आहे. २०२९ आणि २०३३ची स्पर्धाही फिफाने कतारलाच दिली आहे. साहित्यात याहून वेगळे काय घडले? अरबी कादंबरीचा सर्वांत गाजलेला पुरस्कार २००८पासून अबू धाबीच्या पैशावर दिला जातो, तर कतारानेही स्वतःचा कादंबरी पुरस्कार सुरू केला आहे. शहरे जळाली आणि त्यांचे सोहळे तेलाच्या व वायूच्या किनाऱ्यावर गेले. २०२४चा तो अबू धाबीचा पुरस्कार बासिम खंदकजी या पॅलेस्टिनी कादंबरीकाराला मिळाला, तेव्हा तो इस्रायलच्या तुरुंगात होता. व्यासपीठ एका जागी आणि लेखक दुसरीकडे कोठडीत, हे चित्र केवळ एका पुरस्काराचे नाही.

म्हणून व्यासपीठ नाकारावे काय? आमचे मत तसे नाही. ज्यांच्या शहरांत मैदान उरले नाही, त्यांनी खेळायचे तरी कोठे? परंतु पाहुण्याने घराची स्तुती करताना मूळ घर विसरू नये, आणि यजमानाने छपराच्या बदल्यात गोष्टीची मालकी मागू नये. अरब चषकाची शोभा दोहाच्या दिव्यांत आहे. त्याचा आशय बैरूत, बगदाद आणि अलेप्पो येथे आहे. आशयाचा पत्ता ठाऊक नसलेला समीक्षक शोभेवरच लिहीत राहतो.

२०२५च्या अंतिम सामन्यात मोरोक्कोने जॉर्डनला जादा वेळेत ३-२ असे हरवले. युरोपात खेळणारे मोरोक्कोचे तारे त्यात नव्हते, म्हणून ही दुय्यम स्पर्धा, असे म्हणणारे आहेत. असेलही. पण हरलेल्या जॉर्डनचा प्रशिक्षकदेखील मोरोक्कोचाच होता, ही गोष्ट आम्हांला निकालाहून मोलाची वाटते. पश्चिमेच्या टोकाचा माणूस पूर्वेच्या मुलांना खेळ शिकवतो आणि आपल्याच देशाविरुद्ध उभा राहतो, कारण दोघांना एकमेकांचे बोलणे कसेबसे का होईना, कळते. अठरा डिसेंबर हा दिवस राज्याचा की भाषेचा, याचे उत्तर निदान त्या संध्याकाळपुरते आम्हांला मिळाले.