यंत्राचे बोलणे आणि आपली मराठी

‘यंत्राशी बोलावयाचे ते इंग्रजीतच, तेथे मराठीचे काय काम?’ हा प्रश्न बेळ्ळंदूरच्या काचमहालांत बसणारे आपले मराठी बांधवच आज विचारू लागले आहेत. याच बेळ्ळंदूरच्या दुकानांवरील पाट्यांत साठ टक्के कन्नड असावे, असा कायदा कर्नाटकाने 2024 साली केला. पाटीवरची भाषा ज्यांना मोलाची वाटते, त्यांचा पडदा मात्र परभाषी का राहावा, हे आम्हांस कळत नाही.

शेल-स्क्रिप्ट म्हणजे यंत्राला द्यावयाच्या आज्ञांची क्रमवार यादी. कचेरीतील जुन्या फायली काढणे, हिशेबाच्या नकला ठेवणे ही कामे ती निमूटपणे करते आणि अडली की पडद्यावर एक ओळ उमटवते. ती ओळ कोल्हापुरातील वा नांदेडातील कारकुनाने वाचावयाची असते, बेळ्ळंदूरच्या लेखकाने नव्हे. ओळ न समजताच त्याने कळ दाबली, तर नुकसान कोणाचे?

यावर सांगितले जाते की, भाषांतराची सोय आहेच. आहे खरी. ‘गेटटेक्स्ट’ हे साधन 1990 नंतरच्या दशकापासून उपलब्ध आहे. मूळ वाक्य दिले की ते कोशातील मराठी वाक्य काढून देते. परंतु वाक्यच द्यावे लागते, तुकडे नव्हेत! आमचे लेखक ‘फाइल’, मग तिचे नाव, मग ‘काढले’ अशा तीन ठिगळांची गोधडी शिवतात. इंग्रजीत ती खपून जाते. मराठीत फाइल काढली जाते, फोल्डर काढला जातो, खाते काढले जाते. एकाच इंग्रजी शब्दासाठी तीन लिंगांची तीन रूपे, आणि कोशात जागा एकच. भाषांतरकाराने काय करावे? संपूर्ण वाक्य हाती दिले असते, तर हा पेच उद्भवलाच नसता. कन्नडातही क्रियापद शेवटीच येते. म्हणजे ही ठिगळे शेजारणीच्या अंगावरही नीट बसत नाहीत.

दुसरी गोष्ट धोक्याची आहे. बॅश या शेलमध्ये दुहेरी अवतरणाआधी डॉलरचे चिन्ह ठेवले की भाषांतर आपोआप होते. ही पळवाट सोपी म्हणून लोकप्रिय. पण भाषांतरित मजकुराचा विस्तार शेल पुन्हा करतो, त्यामुळे त्यात कोणी उलट्या अवतरणात आज्ञा घुसडली तर ती चालते! 2022 च्या बॅश 5.2 मध्ये हा विस्तार थांबविण्याचा पर्याय आला. तो मुद्दाम निवडावा लागतो. त्यापेक्षा गेटटेक्स्टबरोबरचे ‘ईव्हॅल_गेटटेक्स्ट’ बरे: ते केवळ चलांची नावे बदलते, आज्ञा चालवीत नाही. अनुवादक निष्काळजी असेल तर दोष अनुवादाचा; पण त्याच्या हाती आज्ञेचा अधिकार देणे हा दोष लेखकाचा.

प्रतिपक्षाचा एक आक्षेप मात्र खरा आहे. समान रुंदीच्या चौकटींवर आखलेल्या पडद्यांत आपली जोडाक्षरे अनेकदा तुटतात. तो पडदा घडविणाऱ्यांचा दोष. त्यासाठी मराठीने माघार घ्यावी, हा न्याय विचित्र. शब्दांची थट्टा होईल या भीतीलाही आम्ही फारशी किंमत देत नाही. 1962 च्या पदनामकोशाचीही थट्टा झाली होती. त्यातील कितीतरी शब्द आज कचेऱ्यांतून रुळले आहेत. अर्थात ‘फाइल’ला ‘संचिका’ म्हणण्याचा हट्ट आमचा नाही; कारकून जो शब्द बोलतो तोच पडद्यावर यावा.

आणि शेवटी तो प्रश्न, ‘खात्री आहे का?’ मराठीत विचारावयाचे आणि उत्तर म्हणून ‘वाय’ हेच इंग्रजी अक्षर मागावयाचे! प्रत्येक भाषेच्या ‘लोकेल’मध्ये होकाराचा नमुना दिलेला असतो, तो वाचण्यास एकच ओळ पुरते. ती ओळ आमच्या बहुतेक स्क्रिप्टांत आढळत नाही, आणि ‘हो’ म्हणणाऱ्या कारकुनाला यंत्र ‘नाही’ समजून परत पाठविते.