पाण्याच्या मापाने मैल्याचा हिशेब : दिल्लीच्या मलनिःसारण आकाराचे कोडे

नवी दिल्ली : दक्षिण दिल्लीतील आर. के. पुरम, म्हणजेच रामकृष्ण पुरम, ही प्रामुख्याने केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची वसाहत. महाराष्ट्रातून केंद्राच्या सेवेत आलेल्या अनेक कुटुंबांना तिचे क्रमांकवार सेक्टर परिचयाचे आहेत. सरकारी निवासस्थानांच्या रांगांना लागून येथे मोहम्मदपूर आणि मुनिरका ही जुनी गावे उभी आहेत. महानगराने त्यांना पोटात घेतले, तरी त्यांच्या गल्ल्यांची रुंदी गावाचीच राहिली. जवळच दिल्ली विकास प्राधिकरणाच्या सदनिका आहेत. या सर्वांचे मैलापाणी वाहून नेण्याची मुख्य जबाबदारी एकाच संस्थेची, दिल्ली जल बोर्डाची. त्या सेवेचे मोल मात्र प्रत्येक उंबरठ्यावर निराळे ठरते, आणि हा फरक सेवेच्या दर्जावरून पडत नाही. मलनिःसारण सेवेची जी व्याख्या देयकात गृहीत धरली आहे, त्या व्याख्येतून तो निर्माण होतो.

दिल्लीत ही सेवा महापालिकेकडे नाही, हे मराठी वाचकाला प्रथम सांगावे लागते. पूर्वी पाणीपुरवठा आणि मैलापाण्याची विल्हेवाट महापालिकेच्याच एका उपक्रमाकडे होती. १९९८ च्या कायद्याने दिल्ली जल बोर्ड ही स्वतंत्र संस्था अस्तित्वात आली आणि हे काम तिच्याकडे गेले. रिंग रोडपलीकडच्या नवी दिल्ली नगरपालिका परिषदेच्या हद्दीत व्यवस्था पुन्हा वेगळी आहे. तेथे परिषद बोर्डाकडून घाऊक पाणी घेते आणि आपल्या रहिवाशांना स्वतः देयक पाठवते. सरोजिनी नगर आणि आर. के. पुरम या शेजारी वसाहती असल्या, तरी देयकापुरती ती दोन गावे आहेत.

बोर्डाच्या घरगुती देयकात तीन भाग असतात : स्थिर सेवा आकार, पाण्याच्या वापराचा आकार आणि मलनिःसारण देखभाल आकार. यांतील तिसऱ्या भागाला स्वतःचे माप नाही. वापराच्या आकाराच्या ६० टक्के रक्कम म्हणजे मलनिःसारण आकार, असे साधे समीकरण आहे. घरातून किती मैलापाणी बाहेर पडले हे कोणी मोजत नाही आणि घरोघरी ते मोजणे व्यवहार्यही नाही. त्यामुळे आत आलेल्या पाण्यावरून बाहेर गेलेल्याचा अंदाज बांधायचा, ही रीत जगभर आढळते. इंग्लंडमधील जलकंपन्या पुरवलेल्या पाण्यापैकी साधारण ९० ते ९५ टक्के पाणी मलवाहिनीत परतते असे मानून आकारणी करतात. जर्मनीतील अनेक शहरे घरातील सांडपाणी आणि छपरा-अंगणावरून वाहणारे पावसाचे पाणी यांची आकारणी वेगवेगळी करतात. दोन्हीकडे आधार पाण्याच्या राशीचा आहे. दिल्लीत तो पाण्याच्या किमतीचा आहे. हा भेद किरकोळ भासतो, परंतु पुढचे सारे प्रश्न त्यातूनच उद्भवतात.

१ फेब्रुवारी २०१८ पासून लागू झालेले दरपत्रक पाहू. महिन्याला २० किलोलीटरपर्यंत, म्हणजे वीस हजार लीटरपर्यंत, दर किलोलीटरला ५ रुपये २७ पैसे. वीस ते तीस किलोलीटरच्या टप्प्यात २६ रुपये ३६ पैसे. तिसाच्या वर ४३ रुपये ९३ पैसे. सेवा आकारही टप्प्यागणिक वाढतो : १४६ रुपये ४१ पैसे, २१९ रुपये ६२ पैसे आणि २९२ रुपये ८२ पैसे. पाण्याची उधळपट्टी रोखण्यासाठी चढते दर असणे समजण्यासारखे आहे. परंतु मलनिःसारण आकार त्याच दरांच्या शेपटीला बांधलेला असल्याने पहिल्या टप्प्यातील एक हजार लीटर पाण्यामागे मैला वाहून नेण्याचे ३ रुपये १६ पैसे पडतात, तर तिसऱ्या टप्प्यात त्याच एक हजार लीटरसाठी २६ रुपये ३६ पैसे. मलवाहिनीला या दोन पाण्यांत काहीही फरक जाणवत नाही. तोच उतार, तेच पंप, तेच शुद्धीकरण केंद्र.

त्यावर आले मोफत पाणी. मीटर असलेल्या ज्या घरगुती ग्राहकाचा वापर महिन्याला २० किलोलीटरच्या आत आहे, त्याला शून्य रकमेचे देयक देण्याची योजना २०१५ पासून सुरू आहे. पाण्याच्या सवलतीवर या देशात पुष्कळ वाद झाला. मैलापाण्याच्या सवलतीची चर्चा जवळजवळ झाली नाही, कारण ती कोणी स्वतंत्रपणे जाहीरच केली नव्हती. पाण्याचा आकार माफ झाला आणि त्याच्यावर बेतलेला मलनिःसारण आकार त्याच्यामागून निमूटपणे गेला. २० किलोलीटरचे मूळ देयक ३१५ रुपयांचे होते. त्यात मलनिःसारणाचा वाटा सुमारे ६३ रुपये. ग्राहकाला यांतील काहीच भरावे लागत नाही, ती तूट राज्य सरकारच्या अनुदानातून भरून काढावयाची असते. वापर एका किलोलीटरने वाढून २१ झाला की सवलत सर्वस्वी संपते आणि सुमारे ४३० रुपयांचे देयक हाती पडते. त्यांतील ७९ रुपये मलनिःसारणाचे. एक हजार लीटर जादा पाण्याने मैला वाहून नेण्याचा खर्च शून्यावरून ७९ वर कसा गेला, याचे उत्तर अभियांत्रिकीत सापडणार नाही.

याचा जाच कोणाला होतो, हे मुनिरका किंवा मोहम्मदपूरच्या गल्लीत उभे राहिले की कळते. चार-पाच मजली इमारत, प्रत्येक मजल्यावर भाडेकरू, विद्यार्थी, नोकरीच्या शोधात आलेले तरुण. अशा घरातील पाच बिऱ्हाडे एकाच मीटरवर असली, ती एकच जोडणी म्हणून मोजली गेली आणि प्रत्येकाने महिन्याला १५ किलोलीटर पाणी वापरले, तर एकूण वापर ७५ किलोलीटर होतो. पाण्याचा आकार २,३४५ रुपये, त्यावर मलनिःसारणाचे १,४०७ रुपये आणि सेवा आकार धरून देयक चार हजारांवर जाते. हीच पाच कुटुंबे स्वतंत्र मीटर असलेल्या पाच सदनिकांत राहत असती, तर प्रत्येकाचे देयक शून्य आले असते. पाणी तेवढेच, मैलाही तेवढाच. भाडेकरूला तर देयक दिसतही नाही, घरमालक सांगेल तो हिस्सा तो भाड्यासोबत देतो. गरिबाच्या नावाने आखलेली सवलत अशी मीटरच्या संख्येवर येऊन थांबते.

प्रश्नाची दुसरी बाजू याहून गंभीर आहे. जे पाणी बोर्डाच्या मीटरमधून जात नाही त्याचे काय? दिल्लीत विंधन विहिरींचे आणि टँकरचे पाणी मोठ्या प्रमाणावर वापरले जाते आणि तेही शेवटी मोरीतूनच जाते. शहराच्या नियोजनात मैलापाण्याचा अंदाज बांधताना पुरवठ्याच्या ८० टक्के हे सूत्र वापरतात. दररोज सुमारे ९९० दशलक्ष गॅलन, म्हणजे साधारण ४५० कोटी लीटर पाणी पुरवले जाते असे धरले, तर मैलापाणी ७९२ दशलक्ष गॅलन निघते. सरकारी कागदपत्रांत वर्षानुवर्षे फिरणारा ७९२ चा आकडा हा कोण्या नाल्यावर बसवलेल्या मापकातून आलेला नाही, तो या गुणाकारातून आला आहे. खासगीरीत्या उपसलेले भूजल त्यात धरलेले नाही. शुद्धीकरण केंद्रांची क्षमता ज्या आकड्याशी ताडून पाहिली जाते, तो आकडाच अपुरा असण्याचा संभव त्यामुळे राहतो. आणि पुरवलेल्या पाण्यापैकी निम्म्याच्या आसपास पाण्यातून बोर्डाला महसूल मिळत नाही, म्हणजे त्या पाण्यामागचा मलनिःसारण आकारही मिळत नाही.

येथे कायद्याकडे वळणे भाग आहे. कर आणि शुल्क यांतील भेद सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये शिरूर मठ खटल्यात स्पष्ट केला. (हे शिरूर पुणे जिल्ह्यातले नव्हे, मठ उडुपीचा.) कर हा सार्वजनिक खर्चासाठी सक्तीने घेतला जातो, त्याच्या बदल्यात अमुक सेवा मिळेलच असे वचन नसते. शुल्क विशिष्ट सेवेपोटी असते. पुढील निकालांनी सेवा आणि रक्कम यांचा काटेकोर ताळमेळ दाखवण्याची अट सैल केली, परंतु दोहोंत काही संबंध असावा हे तत्त्व टिकले. दिल्लीचा आकार नावाने देखभालीचा, म्हणजे शुल्काच्या जातीचा आहे. ज्या वसाहतीत मलवाहिन्या बोर्ड सांभाळते तेथेच तो लागतो. जेथे वाहिनीच नाही तेथे शुल्क नाही, हे न्याय्यच. पण तेथील सेप्टिक टँकमधला मैला उपसून कुठेतरी ओतला जातो, त्याचा भार नदी सोसते. मैला वाहणाऱ्या टँकरना परवाना सक्तीचा करणारे विनियम दिल्लीत २०१८ मध्ये आले, तोवर हा व्यवसाय बहुतांशी बेहिशेबी होता.

राष्ट्रीय हरित लवादाने हा पेच निराळ्या टोकाकडून सोडवण्याचा प्रयत्न केला. यमुनेच्या शुद्धीकरणाविषयीच्या प्रकरणात १३ जानेवारी २०१५ रोजी दिलेल्या निर्णयात आणि त्यानंतरच्या आदेशांत लवादाने म्हटले की, मैलापाणी निर्माण करणाऱ्या प्रत्येक घराने पर्यावरण भरपाई द्यावी, मग त्या घराला मलवाहिनीची जोडणी असो वा नसो. मालमत्ता कर किंवा पाण्याचे देयक हा तिचा आधार ठरला आणि अनधिकृत वसाहतींसाठी दरमहा १०० ते ५०० रुपयांची रक्कम सांगितली गेली. येथे देय रकमेचा अर्थच पालटतो. सेवा मिळाली म्हणून पैसे द्यायचे नाहीत, प्रदूषण केले म्हणून द्यायचे. यमुनेच्या एकूण लांबीच्या जेमतेम दोन टक्के भाग वजीराबाद ते ओखला या पट्ट्यात येतो आणि नदीच्या प्रदूषणाचा सुमारे तीन-चतुर्थांश भार त्याच पट्ट्यातील आहे, हे ध्यानात घेता लवादाचा रोख समजतो. परंतु ज्या वस्तीत सरकारने वाहिनी टाकलीच नाही, तेथील माणसाला प्रदूषक ठरवून वसुली करणे हे राजकीयदृष्ट्या अवघड होते आणि नैतिकदृष्ट्याही निःशंक नव्हते. राज्य सरकारने उलट दिशा धरली. २०१५ मध्येच अनधिकृत वसाहतींतील मलनिःसारण विकास आकार दर चौरस मीटरला ४९४ रुपयांवरून १०० रुपयांवर आणला गेला आणि २०१९ मध्ये मोफत जोडणीची योजना जाहीर झाली. जोडणी स्वस्त करणे हे मला अधिक शहाणपणाचे वाटते. जोडलेले घर निदान हिशेबात तरी येते.

मुंबईने तिसरी वाट धरलेली आहे. १८८८ च्या महापालिका कायद्याखालील मालमत्ता कराच्या देयकात मलनिःसारण कर आणि मलनिःसारण लाभ कर अशा दोन स्वतंत्र ओळी असतात. पाणी मीटरने घेणाऱ्याला कराऐवजी मलनिःसारण आकार लागतो आणि तो जल आकाराच्या ७० टक्के आहे. लाभ कराची कल्पना अशी की, शहरात मलवाहिन्यांचे जाळे असल्यामुळे जमिनीचे मोल वाढते, तेव्हा नळ किती वेळ उघडा राहिला याच्याशी संबंध न ठेवता मालमत्तेने भांडवली खर्चाचा वाटा उचलावा. देखभालीचा खर्च वापरावर आणि उभारणीचा खर्च मालमत्तेवर ही विभागणी दिल्लीच्या एकेरी टक्केवारीपेक्षा तर्काला अधिक धरून आहे. मात्र तीही सवलतीच्या राजकारणातून सुटली नाही. ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता कर माफ करण्याची घोषणा जानेवारी २०२२ मध्ये झाली, आणि लाभ कर त्याच देयकाचा भाग आहे. पुढच्याच वर्षी, १९ जानेवारी २०२३ रोजी, पंतप्रधानांच्या हस्ते मुंबईतील सात मलजल प्रक्रिया केंद्रांचे भूमिपूजन झाले. वरळीपासून भांडुपपर्यंतच्या या केंद्रांची एकत्रित क्षमता दररोज सुमारे २,४६४ दशलक्ष लीटर आणि खर्च हजारो कोटींचा.

सेवेची व्याख्या कोठे संपते, यावर केवळ पैसे अवलंबून नाहीत. घरापासून मॅनहोलपर्यंतचा तुकडा मालकाचा, त्यापुढचा बोर्डाचा. सरकारी निवासस्थानांच्या इमारतींची देखभाल केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. खासगी संकुलांच्या आवारातील केंद्रे ठेकेदारांकडे. ९ सप्टेंबर २०१८ रोजी मोतीनगरमधील एका निवासी संकुलाच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्राच्या टाकीत पाच कामगारांचा मृत्यू झाला. ती टाकी सार्वजनिक मलवाहिनीचा भाग नव्हती. हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणारा कायदा २०१३ चा. मलवाहिनीत मृत्यू आल्यास कुटुंबाला दहा लाख रुपये द्यावेत असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितले, ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रक्कम तीस लाख केली. दिल्लीत २०१९ मध्ये अरुंद गल्ल्यांत शिरू शकतील अशी दोनशे यंत्रे रस्त्यावर आली. दलित उद्योजकांच्या पुण्यात स्थापन झालेल्या डिक्की या संघटनेचा त्या योजनेत सहभाग होता. यंत्र, चालक, इंधन, दुरुस्ती हा सारा देखभालीचा खर्च आहे. देखभाल आकार शून्य असलेल्या घरासमोरचे मॅनहोलही तुंबतेच, आणि तेथे यंत्र न आल्यास माणूस उतरवला जातो.

आर. के. पुरमचा चेहरामोहरा आता बदलत आहे. २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने दिल्लीतील ज्या सात सरकारी वसाहतींच्या पुनर्विकासाला मान्यता दिली, त्यांत मोहम्मदपूरची वसाहत होती. दोन मजली घरांच्या जागी बहुमजली इमारती आल्या की त्याच जमिनीवरून जाणारे मैलापाणी वाढते. ते आवारातच शुद्ध करून बागेला आणि फ्लशला वापरणे हा उपाय सर्वमान्य आहे. असे करणाऱ्यांसाठी बोर्डाची सवलतही आहे : पर्जन्यजल संधारणासाठी देयकात १० टक्के, त्याच्या जोडीला सांडपाण्याचा पुनर्वापर केल्यास एकूण १५ टक्के. म्हणजे मलवाहिनीवरचा भार हलका केल्याबद्दल पदरात पडतात ते वाढीव पाच टक्के. ज्या संकुलातील सदनिका २० किलोलीटरच्या आत राहून आधीच शून्य देयक घेतात, त्यांच्यासाठी हे पाच टक्केही शून्याचेच होतात. प्रक्रिया केंद्राच्या विजेचे आणि देखभालीचे पैसे मात्र तेथील रहिवाशांनाच दरमहा भरावे लागतात.